जुना स्टार्टर कुणाच्या नियोजनात आहे?

नाशिकच्या सातपूर-अंबड लिंक रोडवरचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला. तो पुन्हा उभा राहिला आणि पुन्हा हटवावा लागला. दर वेळी चर्चा झाली ती अतिक्रमणाची, आगीच्या धोक्याची आणि वाहतूक कोंडीची. या तक्रारी खऱ्याच आहेत. पण त्या पत्र्याच्या शेडखाली रोज जो माल उतरत होता, त्यातला कितीसा खरोखर वितळवण्याच्या लायकीचा होता, हे या शहरात कुणी विचारल्याचे आढळत नाही. कारखान्यांचे शहर म्हणवून घेणाऱ्या नाशिकला हा प्रश्न पहिल्यांदा पडायला हवा होता.

ट्रकचा स्टार्टर, म्हणजे इंजिन सुरू करणारी विजेची मोटर घ्या. कार्बन ब्रश झिजतात, बुश ढिले होतात, सोलेनॉइडचे (विद्युत स्विचचे) कॉन्टॅक्ट जळतात आणि तो बंद पडतो. त्याचे ओतीव घर, योक, फील्ड कॉइल आणि पुष्कळदा आर्मेचरही (आतला फिरणारा भाग) शाबूत असते. द्वारका ते आडगाव नाका या पट्ट्यातल्या एखाद्या गॅरेजात तो उतरतो, मिस्त्री दुसरा बसवून गाडी मोकळी करतो, जुना कोपऱ्यात पडतो आणि पुढे कधीतरी किलोच्या भावाने निघून जातो. तांबे काढले जाते. लोखंड जालन्याकडच्या इंडक्शन भट्ट्यांत गेले, की त्याची सळई होते. ज्या भागावर शंभरावा हिस्सा मिलिमीटरच्या हिशेबात यंत्रकाम झाले होते, तो भाग बांधकामाच्या कॉलममध्ये गाडला जातो. तांबे नीट न काढता माल भट्टीत गेला तर नुकसान दुहेरी होते. पोलादात तांबे ०.२ ते ०.३ टक्क्यांच्या वर गेले की गरम रोलिंगमध्ये पृष्ठभागाला भेगा पडू लागतात, आणि एकदा मिसळलेले तांबे नेहमीच्या भट्टीत वेगळे काढता येत नाही.

यालाच आपण रीसायकलिंग म्हणतो आणि चक्राकार अर्थव्यवस्था आली असे मानतो. आमचे म्हणणे असे की नाशिकसारख्या शहरात वितळवणे हा शेवटचा पर्याय असला पाहिजे. त्याच्या आधीची पायरी पुनर्निर्मितीची आहे. ती आपल्याकडे अडली आहे ती कौशल्याअभावी नव्हे. जुना नग परत कधी येणार, किती येणार आणि कोणत्या स्थितीत येणार, हे कुणाच्याच उत्पादन नियोजनात नाही, म्हणून ती अडली आहे.

पुनर्निर्मिती आणि दुरुस्ती यांत गल्लत होते, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करू. दुरुस्तीत बिघडलेला भाग बदलतात आणि बाकीचे तसेच ठेवतात. पुनर्निर्मितीत नग पूर्ण खोलतात, प्रत्येक भाग धुऊन मोजतात, मापात न बसणारा भाग नव्याने घडवतात किंवा बदलतात, पुन्हा जोडतात आणि नव्या नगाच्याच चाचणीवर चढवतात. ब्रिटनच्या बीएस ८८८७ या प्रमाणातली कसोटी नेमकी आहे: कामगिरी किमान मूळ नगाइतकी हवी आणि हमी नव्या नगाइतकी किंवा त्याहून चांगली. रेनॉने पॅरिसजवळ शोआझी-ल-र्‍वा येथे १९४९ पासून हे काम केले, कॅटरपिलरने १९७३ पासून.

नाशिकलाही हे काम परके नाही. ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सने मिग विमाने बांधली आणि ओव्हरहॉलही केली. आज तिथे सुखोई-३० ची ओव्हरहॉल होते. नाशिकरोडला रेल्वेची ट्रॅक्शन मशिन वर्कशॉप आहे, तिथे विद्युत इंजिनांच्या ट्रॅक्शन मोटरी खोलून नव्या वेटोळ्यांसह पुन्हा उभ्या केल्या जातात. पूर्ण खोलणे, भेगा तपासणे, भागागणिक इतिहासाची नोंद ठेवणे, चाचणी घेऊनच बाहेर सोडणे हे सारे या जिल्ह्यात कित्येक दशके चालू आहे.

मग तेच काम अंबड औद्योगिक वसाहतीतल्या वीस कामगारांच्या युनिटमध्ये का रुजत नाही? यंत्रे हे त्याचे उत्तर नाही. विमान किती तास उडाले की ओव्हरहॉलला येणार हे ठरलेले असते. ट्रॅक्शन मोटरही ठरल्या मुदतीने येते, कारण मोटर रेल्वेची आणि वर्कशॉपही रेल्वेची. वस्तूची मालकी आणि दुरुस्तीची जबाबदारी एकाच्याच हाती असल्यामुळे परतीची तारीख आधीच कळते, आणि तारीख कळली की माणसे, सुटे भाग, बेंच यांचे नियोजन करता येते. अंबडच्या युनिटकडे ही तारीख नसते. त्याचा कच्चा माल गॅरेजच्या कोपऱ्यात पडलेला असतो आणि तो कुणाकडे जाणार हे त्या दिवशीच्या भंगाराच्या भावावर ठरते.

या अनिश्चिततेचा हिशेब कसा बसतो ते एका उदाहरणाने पाहू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत, पण त्यांची चाल खरी आहे. समजा, आठवड्याला १०० स्टार्टर पाठवायचे आहेत. १२० जुने नग आले. दारातच १५ नाकारले, कारण कुणाचे घर फुटलेले, कुणाचे सोलेनॉइड गायब. राहिले १०५. खोलल्यावर साधारण ७० टक्के आर्मेचर चांगले निघते असा अनुभव असेल तर ७३ मिळतील आणि २७ नवे लागतील. बहुतेक युनिट इथेच थांबतात आणि २७ ची ऑर्डर देतात. पण ७० टक्के ही सरासरी आहे. १०५ नगांच्या एका हप्त्यात चांगले आर्मेचर ६४ ही निघू शकतात आणि ८३ ही. म्हणजे नवे लागणारे कधी १७, तर कधी ३६. सरासरीवर ऑर्डर दिली तर जवळपास निम्म्या आठवड्यांत माल कमी पडणार. आणि एक आर्मेचर नसेल तर बाकी सगळे भाग तयार असूनही स्टार्टर जात नाही. असाच स्वतंत्र चढउतार सोलेनॉइडचा, बेंडिक्सचा (इंजिनाला गुंतणाऱ्या दातेरी भागाचा), योकचा. ब्रश, बुश, सील, सर्क्लिप हे नेहमी नवेच घालायचे असल्याने तेवढ्यापुरती चिंता नसते.

प्रत्यक्षात चढउतार याहून मोठा असतो, कारण नग एकेकटे येत नाहीत, गठ्ठ्याने येतात. पावसाळ्यात पाण्यातून चाललेल्या एकाच मालकाच्या गाड्यांचे वीस स्टार्टर आले तर वीसही आतून गंजलेले निघतात. ज्या गॅरेजात मिस्त्री अडकलेला स्टार्टर पुन्हा पुन्हा फिरवून पाहतो, तिथले आर्मेचर जळकेच येते. म्हणून मॉडेलवार वहीपुरते भागत नाही; कुठून आला हा रकानाही वहीत हवा. सहा महिने अशी वही नीट भरली तर कोणत्या गॅरेजच्या नगाला किती दाम द्यावा आणि कोणता भाग किती शिल्लक ठेवावा, याची उत्तरे तिच्यातूनच मिळतात. महागड्या सॉफ्टवेअरच्या आधी ही वही. नव्या मालासाठी बनवलेली नियोजनाची सॉफ्टवेअर एका नगाला एक आर्मेचर असे धरून चालतात. इथे ‘एका नगाला ०.३ नवे आर्मेचर, अधिक चढउताराची तरतूद’ असे मांडावे लागते, आणि ते ०.३ दर तिमाहीला वहीवरून तपासून बदलावे लागते.

इंजिनाच्या बाबतीत गुंता आणखी वाढतो. क्रँकशाफ्ट झिजली की ग्राइंड करतात ती ०.२५, ०.५०, ०.७५ किंवा १.०० मिलिमीटर अंडरसाइजला, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढी बारीक. मेन जर्नल एका मापाला आणि पिन दुसऱ्या मापाला, असेही होते. ब्लॉकचे बोअर वाढवले तर पिस्टन आणि रिंगा ओव्हरसाइज लागतात. आता प्रत्येक मॉडेलच्या प्रत्येक मापाच्या बेअरिंगचा साठा ठेवू गेले तर भांडवल कपाटात अडकते, आणि न ठेवावा तर इंजिन बेंचवर पंधरा दिवस पडून राहते. उपाय साधा आहे, पण शिस्तीचा आहे. नग आल्यावर दुसऱ्या दिवशी क्रँक आणि बोअर धुऊन मोजायचे, मॅग्नेटिक क्रॅक चाचणी करायची, कोणत्या मापाला ग्राइंड होणार ते कार्डावर लिहायचे आणि त्याच संध्याकाळी बेअरिंगची मागणी टाकायची. ग्राइंडिंगचा नंबर यायला आठवडा लागतो, तेवढ्यात बेअरिंग येते. बहुतेक ठिकाणी मोजमाप ग्राइंडिंगच्या आदल्या दिवशी होते आणि इंजिन अडकते ते तिथेच. कनेक्टिंग रॉडची टोपी त्याच रॉडबरोबर, मेन बेअरिंगची टोपी त्याच ब्लॉकबरोबर राहिली पाहिजे. या जोड्या धुण्याच्या टाकीत मिसळल्या तर पुढे कितीही कौशल्य ओतले तरी इंजिन आवाज करणारच.

खोलण्याचे काम हेल्परचे, ही समजूत सर्वांत महागात पडते. गंजलेला बोल्ट हातोड्याने तोडला की घराचा आटा जातो. पुलर न लावता बेअरिंग ठोकून काढले की शाफ्टचे बसण्याचे माप बिघडते. जो भाग वाचवायचा तोच पहिल्या तासात गमावला जातो. खोलणाऱ्याला नगावर पैसे मिळत असतील तर तो वेगाने खोलणार. त्याला वाचलेल्या चांगल्या भागांवर पैसे मिळाले पाहिजेत. सातपूरच्या आयटीआयतून फिटर आणि टर्नर बाहेर पडतात, पण ‘हा भाग ठेवायचा, हा घडवायचा, हा टाकायचा’ हा निर्णय मापावरून घेण्याचे शिक्षण वेगळे आहे आणि तशा तीन-चार महिन्यांच्या अभ्यासक्रमाची इथे खरी गरज आहे.

महिनाअखेरीस दुसरा रोग दिसतो. पाठवणीचा आकडा गाठायला जोडणीवाले दुसऱ्या अर्धवट खोललेल्या नगांतून भाग उचलतात. एका नगातून सोलेनॉइड, दुसऱ्यातून पिनियन. आकडा गाठला जातो आणि मागे चाळीस सांगाडे उरतात, ज्यांतला एकही पूर्ण होत नाही. पुस्तकात साठा भरपूर दिसतो आणि शेल्फवर जोडण्याजोगे काहीच नसते. यावर दोन नियम लागतात. सगळे भाग एका ट्रेमध्ये जमल्याशिवाय नग जोडणीला सोडायचा नाही. आणि खोलायला किती नग काढायचे ते जोडणीच्या सर्वांत अरुंद टप्प्यावरून ठरवायचे, दारात किती माल आला आहे त्यावरून नव्हे. प्रतवारी केलेला पण न खोललेला नग साठवायला स्वस्त असतो, त्याला धूळ आणि ओल यांपासून जपले की झाले. खोललेला नग मात्र भांडवलही खातो आणि जागाही.

धुणे हा टप्पा हलक्यात घेतला जातो, पण पुष्कळ युनिटांत सगळे तिथेच तुंबते. बिडाच्या भागांना गरम कॉस्टिक चालते, ॲल्युमिनिअमला तेच कॉस्टिक खाऊन टाकते. त्याला सौम्य डिटर्जंट आणि वेगळी टाकी हवी. ब्लास्टिंगचे काचेचे मणी टर्बोच्या किंवा इंजिनाच्या तेलाच्या वाटेत अडकून राहिले तर नवे बेअरिंग पहिल्या काही तासांत जाते आणि दोष बेअरिंगवाल्याच्या माथी बसतो. ब्लास्टिंगआधी छिद्रे बंद करणे आणि नंतर दाबाने धुऊन तपासणे याला पर्याय नाही. आणि धुतलेले तेलकट पाणी कुठे जाते, हा प्रश्न पर्यावरणाच्या नावाने चालणाऱ्या धंद्याने आधी सोडवला पाहिजे. ते पाणी नंदिनी नदीत गेले तर वाचवलेल्या लोखंडाचे कौतुक कुणी सांगू नये.

कॉमन रेल इंजेक्टरकडे, म्हणजे आधुनिक डिझेल इंजिनात मोठ्या दाबाने इंधन फवारणाऱ्या भागाकडे पाहिले की या कामाची दुसरी अडचण कळते. नाशिक हे डिझेल इंजेक्शनचे जुने शहर आहे. सुई आणि नोझल यांच्यातली फट दोन-चार मायक्रॉनची असते, दाब १६०० ते २००० बारपर्यंत जातो. अशा ठिकाणी सुई बदलून नोझल तेच, असे करता येत नाही. जोडी म्हणूनच बदलावी लागते. नोझल आणि व्हॉल्व्ह सेट बहुधा नवे, बॉडी, सोलेनॉइड आणि नट तपासून तेच. मग बेंचवर गळती, परतीचे तेल, आयडल, पूर्ण भार आणि प्री-इंजेक्शन यांची मापे घ्यायची आणि त्यावरून नवा कोड काढून गाडीच्या ईसीयूत (इंजिन नियंत्रित करणाऱ्या संगणकात) भरायचा. जुनाच कोड राहिला तर इंजेक्टर उत्तम असूनही इंजिन धूर सोडते. ही चाचणी-मापे आणि कोडची सोय मूळ उत्पादकाकडे असते. भारत स्टेज ६ लागू झाले १ एप्रिल २०२० ला. त्या गाड्यांचे इंजेक्टर आता हमीबाहेर पडू लागले आहेत. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल काढले, पण चाचणीची मापे वाजवी शुल्कात स्वतंत्र युनिटला मिळणे हा त्या हक्काचा भाग झाला तरच या नगांना दुसरे आयुष्य मिळेल.

पुनर्निर्मिती सरसकट चांगलीच असते, असे आमचे मत नाही. निफाड, दिंडोरी, सिन्नर भागातल्या मोनोब्लॉक पंपांच्या मोटरी दर हंगामात जळतात आणि रिवाइंडिंगला जातात. जुने वार्निश लावलेले वेटोळे काढायला स्टेटर उघड्या आगीवर धरतात. तापमान साधारण ३६०-३७० अंशांच्या पुढे अनियंत्रित गेले की पत्र्यांमधले इन्सुलेशन जळते, कोअर लॉस (लोखंडी गाभ्यात वाया जाणारी वीज) कायमचा वाढतो आणि मोटर पूर्वीपेक्षा गरम चालू लागते. त्यात हव्या त्या गेजची (जाडीची) तार नाही म्हणून बारीक तार घातली की संपलेच. १० एचपीची, म्हणजे सुमारे ७.५ किलोवॉटची मोटर ८८ टक्क्यांवरून ८५ टक्क्यांवर आली आणि वर्षाला १५०० तास पूर्ण भाराने चालली, तर सुमारे ४५० युनिट वीज जास्त जाते, दरवर्षी. नियंत्रित भट्टी, मूळ गेज आणि तेवढेच वेढे, वेटोळे काढण्याआधी आणि नंतर कोअर लॉसची चाचणी, एवढे पाळले तर कार्यक्षमता जवळपास टिकते. जिथे हे होणार नाही, तिथे जुनी मोटर तांब्यासाठी मोडणे आणि नवी चांगल्या दर्जाची घेणे अधिक शहाणपणाचे. पाण्याने भरलेल्या सबमर्सिबल मोटरीत मात्र प्लास्टिकवेष्टित तार असते, ती ओढून निघते, जाळावी लागत नाही. त्या मोटरींचे काम चांगल्या हातांत निर्धोक होते.

आता परतीचा प्रश्न. जुना नग परत यावा म्हणून जगभर वापरतात तो मार्ग ठेवीचा. समजा, नवा स्टार्टर ८,००० रुपयांना आणि पुनर्निर्मित ५,००० ला आहे. त्यावर १,२०० ठेव घ्यायची आणि जुना नग आला की परत द्यायची. ठेव किती, याला नियम आहे. भंगारवाला जे देतो आणि मिस्त्रीला त्यातून जे सुटते, त्या दोहोंपेक्षा ती जास्त हवी. मिस्त्रीला वगळून केलेली योजना हमखास फसते, कारण नग त्याच्या हातात असतो. ठेव फार वाढवली तर उलटे होते: रिकामी घरे आणि भलत्याच मॉडेलचे नग येऊ लागतात. म्हणून दारावर अटी लिहिलेल्या हव्यात. नग न खोललेला, पूर्ण, घर न फुटलेले, मॉडेलची पट्टी वाचता येणारी असावी. मग अ, ब, क अशी प्रत आणि प्रतीप्रमाणे परतावा. पैसे आठवड्याच्या आत मिळाले पाहिजेत. परतावा तीन महिने अडकला की मिस्त्री पुन्हा किलोवाल्याकडे वळतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

इथे कराचा काटा टोचतो. जीएसटी कायद्यात परतीची ठेव ही ती किमतीत वळती करेपर्यंत मोबदला धरली जात नाही, तेव्हा बिलावर ती वेगळी दाखवली तर अडचण कमी. पण जुना नग थेट किमतीत वळता केला तर मूल्यांकनाच्या नियम २७ चे उदाहरण लागू होते: एक्स्चेंजमध्ये २०,००० ला दिलेल्या फोनची एक्स्चेंजशिवायची किंमत २४,००० असेल तर कर २४,००० वर. जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याला फक्त नफ्यावर कर देण्याची सवलत नियम ३२ मध्ये आहे, पण ती वस्तूचे स्वरूप न बदलणाऱ्या किरकोळ प्रक्रियेपुरती. पूर्ण खोलून घडवलेल्या स्टार्टरला ती मिळेल याची खात्री कोणताही कर सल्लागार देत नाही. नवा असताना ज्या लोखंड-तांब्यावर कर भरला गेला, त्याच्यावर पुन्हा कर, आणि तोही काम जितके चांगले तितका नक्की. जीएसटी परिषदेकडे महाराष्ट्राने हा मुद्दा नेला पाहिजे: नोंदणीकृत पुनर्निर्मात्याला, नगावर क्रमांक आणि चाचणी अहवाल असेल तर, नफ्यावरच कर.

दुसरी मागणी जुन्या वाहनांच्या नियमांची. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या नियमांत वाहन उत्पादकांवर विस्तारित जबाबदारी, म्हणजे वाहन मोडीत निघाल्यानंतरचीही जबाबदारी आली, ही मोठी गोष्ट आहे. पण ती मोजली जाते पोलादाच्या वजनात. वाहन मोडणाऱ्या केंद्राला प्रमाणपत्र मिळते ते पोलाद किती निघाले त्यावर. मग चांगला गिअरबॉक्स सांभाळून काढायला तो दोन तास का घालवील? कापून टाकला तरी वजन तेवढेच भरते. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत याहून शहाणी तरतूद आधीच आहे: उपकरण नूतनीकरण करून पुन्हा वापरात आले तर उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते, आणि वाढीव आयुष्य संपल्यावर त्या प्रमाणाच्या ७५ टक्केच रीसायकलिंगच्या उद्दिष्टात धरले जाते. टीव्हीला जे सुचले ते ट्रकला का सुचू नये? गिअरबॉक्स, इंजिन, स्टीअरिंग गिअर, कंप्रेसर यांसाठी वजनाऐवजी नगावर आधारलेले श्रेय या नियमांत आले पाहिजे. एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे लायनिंग यांना मात्र ते मुळीच मिळता कामा नये. त्यांची खरी चाचणी ती वस्तू खर्ची घालूनच होते.

ग्राहकाचा अविश्वास निराधार नाही. रंग मारून नव्या खोक्यात विकलेल्या जुन्या मालाने बाजार नासवला आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पुनर्बांधणी केलेला किंवा जुना माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारप्रथा ठरते. कायदा आहे, पकडण्याची सोय नाही. प्रत्येक नगावर ‘पुनर्निर्मित’ असा कोरलेला शब्द, क्रमांक, महिना आणि चाचणीचा कागद असला तर प्रामाणिक युनिटला संरक्षण मिळते आणि रंगारी उघडा पडतो.

स्वस्त नव्या पॅटर्न मालाचा, म्हणजे मूळ कंपनीच्या नसलेल्या नकली घडणीच्या मालाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. दुचाकीच्या स्टार्टरसारख्या छोट्या नगांत तो बरोबरच आहे; तिथे मजुरीच नव्या नगाच्या जवळ जाते, हे काम करूच नये. चोवीस व्होल्टचा स्टार्टर, एअर कंप्रेसर, टर्बो, ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पंप, गिअरबॉक्स अशा जड आणि यंत्रकाम जास्त असलेल्या नगांत हिशेब जमतो. एका छोट्या युनिटला क्रॅक चाचणी, बॅलन्सिंग मशिन, इंजेक्टर बेंच, गरम पाण्याची टाकी आणि सांडपाणी शुद्धीकरण हे सगळे परवडणार नाही. अंबडला नाशिक इंजिनिअरिंग क्लस्टर आहे, केंद्राची लघुउद्योग क्लस्टर योजना सामाईक सुविधांना पैसा देते. धुणे आणि चाचणी सामाईक, खोलणे आणि जोडणे आपापल्या युनिटमध्ये, अशी विभागणी इथे बसते.

सुरुवात मात्र सार्वजनिक ताफ्यांनी करावी, कारण परतीची खात्री तेच देऊ शकतात. एसटीचा नाशिक विभाग घ्या. सिटीलिंक या शहर बससेवेच्या बस ठेकेदारांच्या असल्या तरी करार महापालिकेचा आहे, तेव्हा अट तिथेही घालता येते. अडथळा निविदेतल्या ‘नवीन व न वापरलेला’ या शब्दांत आहे. त्यांच्यापुढे ‘किंवा नव्याइतक्या हमीसह पुनर्निर्मित’ असे जोडले आणि जुना नग लिलावात न काढता पुरवठादाराला परत देण्याची अट घातली, की अंबडच्या युनिटला ओझरसारखी परतीची तारीख मिळते.

खर्चाचा बाऊ होईल, म्हणून तोही मांडू. ३०० बसचा ताफा आणि दर दीड वर्षाला एक स्टार्टर बदलतो असे धरले तर वर्षाला २००, म्हणजे आठवड्याला सुमारे चार. उतरवणे, नेणे, खोलणे, घडवणे आणि परत आणणे याला तीन आठवडे लागले तर वाटेत १२ नग असतील. चढउतारासाठी आणखी सहा धरा. १८ स्टार्टर फिरते ठेवले की एकही बस स्टार्टरसाठी उभी राहणार नाही. ८,००० च्या हिशेबाने ते १,४४,००० रुपये होतात, एकदाच. तीन आठवड्यांचे दोन झाले तर १४ पुरतात. ते दोन व्हावेत म्हणून मोजमाप दुसऱ्या दिवशी झाले पाहिजे, आणि त्यावर लक्ष ठेवायला करारात प्रत्येक नगाच्या उतरण्याची, पोहोचण्याची आणि परतीची तारीख लिहिणारी एक पट्टी बंधनकारक करावी.